साडेतीन फूट उंचीची गाडी

कोल्हापुरात एक मिस्त्री स्पोर्ट्स गाडी बनवत असल्याची पहिली बातमी मी दिली. ती तिसऱ्या पानावर, दोन कॉलमांत, फोटोशिवाय आली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. गावात मोटारी मोजक्या होत्या आणि त्यांचे प्रकारही दोन-तीनच. कोणी स्वतः गाडी बनवतो आहे, तीही दोनच माणसांची आणि केवळ वेगात पळवण्यासाठी, एवढे बातमीला पुरेसे होते.

बातमी अकरा ओळींची होती. त्यातली एक ओळ चुकीची होती.

मिस्त्रींची शेड उद्यमनगरात होती, घर मंगळवार पेठेत. ट्रकच्या केबिन आणि बॉड्या बांधणे हा त्यांचा धंदा. वय पन्नाशीचे, उंची सहा फूट. काही वर्षांपूर्वी जॅक सरकून उजव्या गुडघ्यावर चासी आली होती, तेव्हापासून तो गुडघा पुरता वाकत नसे. गावात त्यांचे नाव मापासाठी होते. त्यांनी बांधलेली बॉडी चासीवर ठेवली की एका दमात बसते, कुठे घासावी लागत नाही, असे ट्रकमालक सांगत. सांगली, निपाणीकडचे ट्रक त्यांच्याकडे येत ते याच कारणाने.

त्यांच्याकडे कागदावरचा नकाशा नसे. शेडची मागची भिंत काजळी आणि डिंक लावून काळी केलेली होती. तिच्यावर गाडीचे चित्र खडूने काढायचे, तेही पूर्ण मापात. कामगार तिथूनच माप उचलत. भिंतीवर जे नाही ते गाडीत येत नसे.

मी गेलो त्या दिवशी स्पोर्ट्स गाडी त्या भिंतीवर होती. एका अपघातात चेपलेल्या छोट्या गाडीचे इंजिन आणि चासी मिस्त्रींनी भंगारात घेतली होती. चासी कापून आखूड केली होती. इंजिन पुढे होते तिथून फूटभर मागे सरकवले होते. बातमीसाठी हे सगळे त्यांनी नीट सांगितले. दसऱ्याला गाडी रस्त्यावर आणायची आणि पहिल्यांदा स्वतः चालवायची, हेही सांगितले.

"दुसऱ्यांच्या गाड्या बांधण्यात तीस वर्षं गेली," ते म्हणाले. "ही माझी. हिच्यात मी बसणार."

मी उंची विचारली. त्यांच्या एका हातात वेल्डिंगची नळी होती. दुसरा हात त्यांनी पट्ट्याजवळ आडवा धरला.

"एवढी. म्हशीशेजारी उभी केली तर म्हस वरनं बघंल."

मी वहीत 'एवढी' असे लिहिले आणि निघालो.

आमच्या कार्यालयात एक नियम होता. उंच, मोठा, प्रचंड असले शब्द बातमीत चालत नसत, आकडा लागे. मुख्य उपसंपादक तो नियम कडकपणे पाळत आणि पाळायला लावत. मिस्त्रींच्या पाठीमागे पूर्ण मापातले चित्र होते. खिळ्याला टेप लटकत होती. सायकलवरून परत जायला दहा मिनिटे लागली असती. पान बंद होत आले होते. आमच्या जुळणी विभागात सहा फुटी एक माणूस होता. त्याला उभे केले आणि पान मापायच्या पट्टीने जमिनीपासून त्याच्या पट्ट्यापर्यंत मोजले. साडेतीन फूट आले. मी 'उंची अंदाजे साडेतीन फूट' असे लिहिले. मुख्य उपसंपादकांनी 'अंदाजे'वर काट मारली.

"अंदाजे म्हणजे तुम्हाला माहीत नाही," ते म्हणाले. "माहीत आहे ना?"

मी हो म्हणालो.

बातमी आली त्या दिवसापासून शेडवर माणसे यायला लागली. पहिल्या आठवड्यात रोज पाच-सहा, मग पंधरा-वीस. कामाची वेळ टळली की ती येत, चहा मागवत आणि भिंतीसमोर उभी राहून बोलत. नेहमी येणाऱ्यांत दोघे मुख्य होते. एक तंत्रनिकेतनातले शिक्षक, ज्यांना सगळे सर म्हणत. त्यांच्याकडे परदेशी मोटार-मासिकांचे जुने अंक होते, वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले. दुसरा एक टॅक्सीवाला, पाच फूट दोन इंच उंचीचा, स्वतःच्या गाडीचा मालक. स्टँडवर त्याला ड्रायव्हर एवढेच म्हणत. त्याला कुठल्याच गाडीत चांगले दिसत नसे, पण तो एक दिवस चुकवत नसे.

सरांना बातमीतला उंचीचा आकडा फार आवडला होता.

"बेचाळीस इंच," ते मासिक उघडून म्हणाले. "ही बघा. इटलीतली. हीसुद्धा बेचाळीसच्या आसपास. याच्या खाली माणूस बसत नाही, याच्या वर वारा अडतो. मिस्त्री, तुम्ही हा आकडा कसा काढलात?"

मिस्त्री पत्रा ठोकत होते. ते ठोकतच राहिले.

"वारा अडतोय म्हणं," ड्रायव्हर म्हणाला. "सर, गगनबावड्याच्या रस्त्याला वारा न्हाय अडवत, खड्डं अडवत्यात. हिचं पोट जमिनीला लागणार. पहिल्याच फेरीला ऑइलचं चेंबर फुटलं की ढकलायला आमीच."

"तुम्ही ढकलायला आहात म्हणूनच उंची कमी ठेवली," सर म्हणाले. "तुमचा हात पोचला पाहिजे."

लोक हसले. ड्रायव्हरही हसला.

हातकणंगल्याकडून साखर कारखान्यातला एक फिटर आला होता. खिशातून घडीची पट्टी काढून तो भिंतीपाशी गेला आणि त्याने चाकाच्या तळापासून टपाच्या रेषेपर्यंत मोजले. दोनदा मोजले.

"पावणं, काय मापताय?" ड्रायव्हरने विचारले.

"चार फूट एक इंच येतंय," फिटर म्हणाला. "पेपरात साडेतीन लिवलंय."

शेडमध्ये त्या वेळी बारा-तेरा माणसे होती. मीही होतो. सगळ्यांनी आधी भिंतीकडे आणि मग मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली, ते भिंतीपर्यंत आले आणि त्यांनी चित्र पाहिले. नंतर ते म्हणाले, "हे जुनं हाय."

त्यांनी ओल्या फडक्याने टपाची रेघ पुसली. टेप घेतली, जमिनीपासून बेचाळीस इंचांवर खूण केली आणि तिथून नवी रेघ ओढली. काच उतरती झाली, दार बुटके झाले, सीटची जागा आवळली. हे करायला त्यांना पंधरा मिनिटे लागली. सर म्हणाले, आता रेषा जुळली. फिटरने मान हलवली आणि पट्टी घडी करून खिशात घातली.

ही बोलायची वेळ होती. मी बोललो नाही.

सगळे गेल्यावर मी मिस्त्रींना विचारले, "तुम्ही साडेतीन म्हणाला होता का?"

"म्हणालो असणार," ते म्हणाले. "तुमी काय घरातनं आणलं व्हय? माणूस बोलतोय लई, ध्यानात थोडंच राहतंय. तुमचं लिवलेलं असतंय."

दुसऱ्या दिवशी मी मुख्य उपसंपादकांना सांगितले की त्या बातमीत एक आकडा चुकला आहे, दोन ओळींचा खुलासा द्यावा. त्यांनी तक्रार आली आहे का, विचारले. नव्हती. लेखी? तीही नव्हती.

"मग खुलासा कोणासाठी?" ते म्हणाले. "ज्याची गाडी तो गप्प आहे." नंतर त्यांनी मी अजून कायम झालेलो नाही, सहा महिन्यांच्या चाचणीवर आहे, याची आठवण दिली. धमकी म्हणून नव्हे; वेळापत्रक सांगावे तशी.

श्रावणात सांगाडा उभा राहिला. नळ्यांचा, पत्रा न घातलेला. मिस्त्री पहिल्यांदा आत बसले ते वरून, कारण टपाचा पत्रा अजून जोडलेला नव्हता. बसल्यावर त्यांचे डोके टपाच्या नळीच्या सात इंच वर आले. माप फिटरनेच घेतले. तो आता दर रविवारी यायचा.

उपाय सुचवणारे पुष्कळ होते. सीट काढून टाकली. जमिनीचा पत्रा दोन इंच खाली घेतला. सरांनी परदेशात अशा गाड्या जवळजवळ झोपून चालवतात, हे मासिकातल्या चित्रासह दाखवले. त्याप्रमाणे पाठ मागे कलवली, स्टिअरिंग खाली आणले. डोके बसले. मग गुडघा बसेना. उजवा पाय सरळच राहायचा आणि ब्रेकचे पेडल त्याच पायाचे. पेडल पुढे सरकवले तर इंजिनाला भिडायचे, कारण इंजिन फूटभर मागे घेतलेले. ते मागे घेतले म्हणून सर आणि फिटर दोघांनी मिस्त्रींची तारीफ केली होती. त्यामुळे वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर सारखे पडते.

"मी बसतो की," ड्रायव्हर म्हणाला. "माझी उंची देवानं ह्याच कामाला काढलीया."

"गाडी माझी," मिस्त्री म्हणाले.

"तुमचीच की. मी कुठं पळवून न्हेतोय."

"मी बसणार म्हणून बांधलीया. तू गप चहा पी."

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी दुपारी मी शेडवर गेलो. नमाज आटोपून मिस्त्री एकटेच आले होते; कामगारांची जेवणाची सुट्टी होती. मी त्यांना सगळे सांगितले. वही, हात, जुळणी विभागातला माणूस, पानाची पट्टी. ते कानस घेऊन दाराची कड घासत होते. मी थांबलो तेव्हा तेही थांबले.

"म्हंजे माझ्या हातावरनं मापलंसा?"

"तुमच्या पट्ट्यावरून."

त्यांनी खाली वाकून स्वतःचा पट्टा पाहिला. खिळ्यावरची टेप काढली, एक टोक पायाखाली धरले आणि वर ओढली.

"माप बरोबर हाय," ते म्हणाले. "पट्टा साडेतीनलाच हाय."

मी म्हणालो, टप परत चार फुटांवर घ्या. चूक माझी होती असे मी माझ्या नावाने छापून आणतो. नोकरीचे मी बघून घेईन.

ते दाराची कड बोटाने चाचपत राहिले.

"तुमी छापशिला. वाचणारा काय म्हणंल? मिस्त्रीला जमलं न्हाय, म्हणून पेपरवाल्याच्या गळ्यात घातलं. निम्म्या गावानं पट्टी लावून बघितलीया. मी रेघ पुसली, त्यांच्या डोळ्यांसमोर पुसली. आता चारवर न्हेली की झालं. स्वतःच्या गाडीचं माप चुकलेल्या माणसाकडं ट्रक कोण घालील?"

"पण तुम्हाला बसता येणार नाही."

"दसऱ्याला बसतो. एकदा बसतो. मग बघू."

त्यांनी पुन्हा कानस चालवायला सुरुवात केली. कामगार आले. मी सायकल काढली.

दसऱ्याच्या आधी चार दिवस टप जोडला. खंडेनवमीला शेडमधली यंत्रे बंद ठेवून पुसली, त्यांना झेंडूच्या माळा घातल्या, गाडीलाही घातली. रंग लाल होता. लोक बाहेर रस्त्यापर्यंत उभे होते. बॉनेटचा उतार, मागच्या चाकावरची फुगवट, दिवे आत बसवण्याची तऱ्हा, या प्रत्येकावर कोणाचे तरी मत होते आणि ते मोठ्याने सांगितले जात होते. फिटरने शेवटचे माप घेतले आणि आकडा जाहीर केला. बेचाळीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दसऱ्याला सकाळी नऊला शेडचे दार आतून लावून घेतले. आत मिस्त्री, ड्रायव्हर आणि मी. मिस्त्रींना आत घालायला वीस मिनिटे लागली. आधी स्टिअरिंगचे चाक नटासकट काढले. मग ते पाठीवर झोपून सरकले, ड्रायव्हरने त्यांचा उजवा पाय दोन्ही हातांनी धरून, वाकवत पेडलपर्यंत नेला. तेवढ्यात त्यांच्या तोंडून एकदा आवाज निघाला. मग चाक त्यांच्या छातीसमोर परत बसवले. चाक आणि छाती यांत चार बोटे होती.

"दुखतंय काय?" ड्रायव्हरने विचारले.

"दार उघड."

मिस्त्री चालवत आणि ड्रायव्हर शेजारी बसून गाडी उद्यमनगरातून निघाली आणि रंकाळ्यावर पोचली. वाटेत बंद पडली नाही, पोट कुठे घासले नाही. वळणावर ती कलली नाही, हे मागून स्कूटरवर येणाऱ्या सरांनी मला दोनदा सांगितले. आवाज कोरडा आणि एकसारखा होता. गाडी म्हणून तिच्यात दोष काढायला जागा नव्हती आणि ड्रायव्हरनेही तो काढला नाही.

रंकाळ्यावर गर्दी जमली होती. माझ्या अंदाजाने पाचशे. पोलिसांनी तीनशे सांगितले. गाडी थांबली. दार उघडले. मिस्त्री उतरले नाहीत.

"मिस्त्री, उतरा की," कोणीतरी म्हणाले. "गाडीसंगं फोटो काढूया."

"गाडीचा काढा."

"बॉनेट तरी उघडून दावा."

"ड्रायव्हर दावंल."

ड्रायव्हरने बॉनेट उघडले. सरांनी इंजिनाची जागा समजावून सांगितली. एकाने रेडिएटरबद्दल विचारले, दुसऱ्याने स्प्रिंगच्या पाट्यांबद्दल. मिस्त्री आतून उत्तरे देत होते, आखूड आणि बरोबर. ऊन वर आले. इंजिन त्यांच्या पायांपासून वीतभर अंतरावर होते आणि त्याची उष्णता बंद केल्यावरही आत राहत होती. त्यांचा सदरा छातीला चिकटला होता. कोणी उसाचा रस आणला. चाकाच्या वरून ग्लास तोंडापर्यंत नेता येईना, म्हणून त्यांनी तो नको म्हटले. ते का नको म्हणतात हे तिथल्या दोघांनाच माहीत होते.

"रुबाब बघितलास काय?" माझ्या शेजारचा माणूस त्याच्या मित्राला म्हणाला. "खाली पाय ठेवंना गडी."

"का ठेवंल? एवढी गाडी बांधल्यावर मी तर आतच जेवलो असतो."

हे एक तास दहा मिनिटे चालले. मी ड्रायव्हरकडे पाहिले. तो माझ्याकडे पाहत नव्हता. शेवटी त्यानेच गर्दीला ओरडून सांगितले की पेट्रोल संपत आलंय, वाट द्या.

शेडचे दार लावल्यावर आम्ही स्टिअरिंगचे चाक काढले. पण मिस्त्रींचा पाय निघेना. गुडघा सुजला होता आणि पाऊल पेडलच्या दांड्यात अडकले होते. ड्रायव्हरने पेडलचा बोल्ट तोडायला पाना लावला.

"तोडू नको," मिस्त्री म्हणाले.

"मग काय पाय तोडू?"

"टेका दे. हळू ओढ."

आम्ही काखेत हात घालून ओढले. ते बाहेर आले तेव्हा उभे राहू शकले नाहीत. जमिनीवर बसून त्यांनी भिंतीला पाठ टेकली. काळ्या भिंतीवरचा खडू त्यांच्या सदऱ्याला लागला. ड्रायव्हर पाणी आणायला गेला.

"चालली चांगली," ते मला म्हणाले.

मी म्हणालो, आता टप कापून वर घ्या. लोकांनी पाहिले, मोजले, झाले. आता कोण विचारणार आहे?

"उद्या तुमी काय लिवणार?"

मी सांगितले. गाडी उद्यमनगरातून रंकाळ्यापर्यंत न थांबता आली, उंची साडेतीन फूट, लोकांच्या विनंतीवरूनही मिस्त्री गाडीतून उतरले नाहीत.

"मग?" ते म्हणाले. "तुमी असं लिवल्यावर टप कुठनं कापू?"

बातमीत यांपैकी एकही ओळ खोटी नव्हती. पर्यायी बातमी म्हणजे सहा फुटी माणूस स्वतः बांधलेल्या गाडीत अडकला, ही. तीही खरी होती. संध्याकाळी सहाला मी पहिली दिली. तिच्यातल्या कशावरही काट पडली नाही. ती पहिल्या पानावर आली आणि पुढच्या महिन्यात मला कायम केले.

मिस्त्री पुन्हा त्या गाडीत बसले नाहीत. शेडवर लोक येतच राहिले आणि एकदा तरी बसून दाखवा म्हणत राहिले. बांधणारा मी, पळवणारा तो, असे सांगून ते ड्रायव्हरकडे बोट दाखवत. ट्रकची कामे वाढली. ड्रायव्हर रविवारी गाडी काढायचा, पंचगंगेच्या पुलापर्यंत जाऊन यायचा आणि काय ऐकू आले ते मिस्त्रींना सांगायचा. ते त्याप्रमाणे कार्बोरेटर लावून देत. टप त्यांनी कापला नाही. ड्रायव्हरने नंतर कधी तो विषय काढला नाही, मीही नाही.

त्या हिवाळ्यात एका रविवारी संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर शेडवरून मंगळवार पेठेकडे चालत निघालो होतो. पायामुळे ते सावकाश चालत आणि दर शंभर पावलांवर थांबत. मागून गाडी आली. लांबूनच त्यांनी ती ओळखली आणि गिअर बदलायला उशीर करतोय, असे ते म्हणाले. ड्रायव्हरने आम्हाला पाहून वेग कमी केला आणि तो त्यांच्या चालीने शेजारून गाडी चालवू लागला. मिस्त्रींनी त्याच्याकडे न पाहता हात हलवला.

"जा म्होरं," ते म्हणाले. "असं हळू चालवून इंजिन तापतंय."